सोमवारची गोळी

आठवड्याची गोळी मागायला कुणी बाई आली, की मी तिला आधी विचारते, "तुमचा उपास कुठल्या वारी असतो?"

बायका चमकतात. संततिनियमनाची गोळी मागितल्यावर उपासाची चौकशी करणारी मेडिकलवाली सोलापुरात तरी मी एकटीच असेन. काहीजणींना वाटतं, आता ही आपल्याला धर्माच्या चार गोष्टी सुनावणार. एकीनं तर "दुसरीकडं बघते" म्हणून पिशवी उचलली होती. तिला परत बोलावून समजवायला मला चांगलाच वेळ लागला. हा प्रश्न मला कुठल्या कॉलेजात शिकवला नाही. तो एका सासू-सुनेनं शिकवला, आणि त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी दुकानाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर गोळी म्हणजे काय नि वार म्हणजे काय, काहीच कळायचं नाही.

आमचं औषधांचं दुकान अक्कलकोट रोडच्या एका आतल्या गल्लीत. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला टॉवेलच्या कडा शिवायचा कारखाना. लग्न होऊन आले ती फार्मसीची पदविका घेऊनच, त्यामुळे हळदीचा रंग जायच्या आत सासऱ्यांनी मला काउंटरमागे उभं केलं. तेव्हा बाई दुकानात बसलेली पाहून पुरुष गिऱ्हाईक दारातूनच मागं फिरायचं. आता पुतणी सगळं बघते आणि मी सकाळची येऊन बसते. पुतणी म्हणते, काकू कामापेक्षा गप्पाच जास्त मारते. खरंच आहे ते.

निरोध मागायला येणारा पुरुष मी रस्ता ओलांडतानाच ओळखते. तो आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघतो. मग आत येऊन कपाटातल्या टॉनिकच्या बाटल्या मोजल्यासारख्या बघतो. तेवढ्यात दुसरं कुणी आलं, की घाईघाईनं डोकेदुखीचा बाम घेऊन निघून जातो. माझ्या दुकानातून जेवढा बाम खपला, तेवढी डोकी अख्ख्या सोलापुरात दुखत नसतील. करकंबचा एक शेतकरी गावच्या बाजारात सगळे ओळखीचे म्हणून एसटीनं इतक्या लांब माझ्याकडे यायचा. एकदा तो आत शिरला आणि काउंटरपाशी त्याचा सख्खा मेहुणा उभा. तोही त्याच कारणासाठी आलेला. दोघांनी एकमेकांची विचारपूस केली, पाऊसपाण्याचं बोलले, आणि दोघंही एकेक बाम घेऊन गेले.

बायकांची रीत वेगळी. त्या "ते रोजचं द्या" किंवा "मागच्या टायमाचं" म्हणतात, नाहीतर मुठीत घडी घातलेलं रिकामं पाकीट नुसतं दाखवतात. आणि मी ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. खोकल्याचं औषध तसंच, तापाच्या गोळ्या तशाच, पण हे मात्र कागदात. त्यामुळे गल्लीत सगळ्यांना ठाऊक, की कागदात गुंडाळलेलं दिसलं म्हणजे आत काय असणार. लपवायच्या नादात आम्ही उलट जाहिरातच करत होतो. याची मला आता हळहळ वाटते, पण हाताला लागलेली सवय काही केल्या सुटत नव्हती.

आता त्या पाकिटात असतं काय ते सांगते. बाईच्या शरीरात दर महिन्याला एक बीज पिकतं. ते पिकवायचा हुकूम मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीकडून सुटतो. रोजच्या गोळीत दोन द्रव्यं असतात, इथिनाइल एस्ट्राडायॉल आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल. पहिलं एस्ट्रोजनच्या घराण्यातलं, दुसरं प्रोजेस्टेरॉनच्या. ही दोन्ही संप्रेरकं रोज ठरावीक मात्रेत रक्तात फिरायला लागली, की वरच्या ग्रंथीला वाटतं खाली सगळं पुरेसं आहे, आणि ती हुकूमच सोडत नाही. बीज पिकत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा स्राव घट्ट होतो, म्हणजे पुरुषबीजाची वाटही अडते. एवढीशी ती गोळी, पण दोन ठिकाणी काम करते. मात्र ती रोज घ्यावी लागते. मनात आलं तेव्हा घेतली, तर वरच्या ग्रंथीची समजूत पटत नाही.

या पाकिटात शेवटच्या रांगेत बहुधा तपकिरी गोळ्या असतात. त्यांत नुसतं लोह असतं. पांढऱ्या गोळ्या संपल्यावर त्या दिवसांत पाळी यावी आणि रोज गोळी घ्यायची सवयही मोडू नये, म्हणून ती सोय. शेजारच्या कारखान्यातली एक बाई एकदा रडत आली. दोन महिने पाळी नाही आणि गोळ्या तर नेमानं चालू. मी तिचं पाकीट पाहिलं तर तपकिरी रांग रिकामी. विचारलं तेव्हा कळलं, की तपकिरी गोळ्या ताकदीच्या असतात हे हिच्या कानावर आलेलं, म्हणून त्या तिनं अशक्त नणंदेला देऊन टाकल्या होत्या आणि स्वतः एका पाकिटाच्या पांढऱ्या संपल्या, की लगेच दुसऱ्या पाकिटाच्या पांढऱ्या सुरू करत होती. पाळी येणार कशी? पांढऱ्यांना खंडच नव्हता. मी तिला सगळं समजावलं, खात्रीसाठी तपासणीही करून घेतली, आणि नणंदेसाठी लोहाच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. नणंदेची तब्येत मात्र तेवढ्यात खरंच सुधारली होती.

आणीबाणीची गोळी तर सगळ्यांना पाठ झाली आहे. तिच्यातही लेव्होनॉरजेस्ट्रेलच असतं, पण एकदम मोठ्या मात्रेत. ती बीज सुटणं लांबवते, म्हणून संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी उपयोगाची. गर्भ राहिला असेल तर तो ती पाडत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की झोपेत विचारलं तरी सांगेन. एक तरुण ती दर आठवड्याला न्यायचा. शेवटी मी त्याला म्हटलं, "बाबा रे, घराला आग लागली की बंब बोलवतात, रोजच्या चुलीसाठी नाही. बायकोला घेऊन डॉक्टरांकडे जा." तो लाजला, पण गेला. नंतर बायकोनं तांबी बसवून घेतल्याचं त्यानंच येऊन सांगितलं. तांबीतलं तांबं पुरुषबीजाला निकामी करतं, त्यात संप्रेरक वगैरे काही नसतं.

आता आठवड्याच्या गोळीकडे येते. तिच्यातल्या द्रव्याचं नाव सेंटक्रोमन. हे आपल्या देशातच शोधलं गेलं, याचा मला उगीचच घरचा असल्यासारखा अभिमान आहे. ते संप्रेरक नाही. बीज पिकायचं तसं पिकतं, पाळी यायची तशी येते. पण गर्भाशयाचं अस्तर एस्ट्रोजनचं ऐकून तयार होत असतं, आणि हे द्रव्य एस्ट्रोजनच्या जागी जाऊन बसतं. त्यामुळे अस्तर वेळेवर तयार होत नाही. पाहुणा दारात आला आणि घरात अंथरूणच घातलेलं नाही, तसं. पाहुणा टेकत नाही. हे द्रव्य शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते. सुरुवातीचे तीन महिने मात्र आठवड्यातून दोनदा घ्यायची असते.

आणि यात एक मेख आहे. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. त्या दिवशी जो वार असेल, तोच तिचा गोळीचा वार कायमचा. तो वार बाई ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत आणि मीही ठरवत नाही.

रूपालीचा वार सोमवार आला होता.

रूपाली म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी पंचविशीची मुलगी. नवरा टेम्पो चालवतो. मूळचं घर करकंबकडचं, शेती दिराकडे, आणि हे तिघं कामासाठी शहरात. तिघं म्हणजे ती, नवरा आणि सासू चंद्राबाई. शिवाय दोन मुली. धाकटीच्या वेळी रूपालीला इतका रक्तस्राव झाला, की रक्ताच्या बाटल्यांसाठी नवरा शहरभर फिरला. वाचली एवढंच. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, की निदान तीन वर्षं पुन्हा दिवस राहता कामा नयेत, राहिले तर जिवाशी खेळ आहे. अंगावर पिणारं मूल होतं, त्यामुळे एस्ट्रोजनची रोजची गोळी नको, दूध कमी होतं. अंगात रक्तही कमी. म्हणून त्यांनी ही आठवड्याची गोळी लिहून दिली. नवऱ्याला ते माहीत होतं. सासूला नव्हतं.

एका थंडीत ती धाकटीच्या खोकल्याचं औषध न्यायला आली. औषध देता देता माझ्या ध्यानात आलं, की हिनं बऱ्याच दिवसांत गोळ्यांचं पाकीट नेलेलं नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"गोळ्या दुसरीकडून घेतेस का गं?" मी विचारलं.

"न्हाय ताई. सध्या बंद हायती."

"का?"

ती काउंटरच्या काचेवर बोटानं रेघा मारत राहिली. "आमच्यात सोळा सोमवार चालू हायती. आत्यांनी श्रावणात धरल्याती, नातवासाठी. मी बी धरलेत, आत्या म्हनल्या जोडीनं करू. माजी गोळी बी सोमवारचीच. पयले पयले घेतली मी. सकाळी गुपचूप गिळायची आन् संध्याकाळी पूजंला बसायचं. मंग एक दिवस आत्या देवाम्होरं हात जोडून म्हनाल्या, माज्या सुनंच्या पोटी दे. ताई, माज्या पोटात त्या टायमाला ती गोळी व्हती. मला कसंतरीच झालं. त्याच तोंडानं देवाला मागायचं आन् त्याच तोंडानं गिळायची... न्हाय जमलं मला. आता उद्यापन झालं की परत चालू करते."

"मंगळवारी घ्यायचीस की!"

"वार बदलायचा न्हाय म्हनून तुमीच सांगितलंवतं."

ते मी सांगितलंच होतं, आणि ते बरोबरच होतं. एक-दोन दिवस उशीर झाला तर आठवल्याबरोबर घ्यावी, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा, हेही मी प्रत्येकीला सांगते. पण सबंध आठवडा चुकला तर गोष्ट बदलते. मग नव्यानं सुरुवात करावी लागते, पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, पुन्हा आठवड्यातून दोनदा. हिचे तर लागोपाठ कितीतरी सोमवार कोरडे गेले होते.

मी तिच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. पाळी येईपर्यंत निरोध, पाळी आली की त्याच दिवशी पहिली गोळी, नाही आली तर लगेच तपासणी. पाळीची तारीख अजून यायची होती, त्यामुळे त्या दिवशी तपासून काही कळणार नव्हतं. फोन ठेवला तेव्हा रूपालीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं आसंल का वो ताई?"

"नसेल झालं," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं. ती गेल्यावर मी कपाटातल्या बाटल्या उगीचच पुन्हा लावत बसले. तिची थोरली मुलगी रोज शाळेत जाताना मला हात करते. तीच सारखी डोळ्यांसमोर येत होती.

त्यानंतर आठवड्याभरात चंद्राबाई दुकानात आल्या. काष्टा घातलेलं नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून त्या म्हणाल्या, "बाई, त्या पाळी म्होरं ढकलायच्या गोळ्या द्या बरं."

"कुणासाठी?"

"सुनंसाठी. सोमवारी उद्यापन हाय आमचं. गावाकडनं समदी येनार, जोडपी जेवू घालायची. तिची तारीख नेमकी तितंच येतीया. ऐन टायमाला भाईर बसली म्हंजी समदं मुसळ केरात."

सणावाराच्या तोंडावर या गोळ्या इतक्या खपतात, की दसऱ्याच्या आधी मी जास्तीच्या मागवून ठेवते. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातलंच. गोळी चालू आहे तोवर ते अस्तराला धरून ठेवतं. थांबवली, की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी थांबते म्हणजे दिवसही राहत नाहीत, असं खूप बायकांना वाटतं. ते खरं नाही. या गोळ्या त्या कामासाठी नाहीत, आणि दिवस राहिल्याची शंका असेल तर घ्यायच्याच नसतात.

आता बघा. एकाच घरात दोन बायका, आणि दोघींचं लक्ष एकाच तारखेकडे. सुनेला पाळी यायला हवी होती. ती आली तरच जीव भांड्यात पडणार होता, आणि ती आली तरच गोळी पुन्हा सुरू होणार होती. सासूला ती यायला नको होती. आणि मध्ये मी.

काउंटरवर बसणाऱ्याचा एक नियम असतो. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, मग ते एकाच घरातलं का असेना. मी चंद्राबाईंना जे सांगता येत होतं तेवढंच सांगितलं. "बाळंतपणात तिला किती रक्त गेलंय तुम्ही बघितलंय. तिला न विचारता, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी या गोळ्या देणार नाही. तिला घेऊन डॉक्टरांकडे जा."

"अवो, अख्खं गाव घेतंय! माज्या लेकीनं तिच्या नणंदंच्या लग्नात घेतल्या."

"घेतल्या असतील. मी देणार नाही."

"ऱ्हाऊ द्या मंग. म्होरल्या चौकात मिळतील की," असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या. मिळणार हे मलाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी माझं कशात लक्ष नव्हतं. रूपालीचा नंबर माझ्याकडे होता. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. गिऱ्हाइकाच्या घरी आपणहून फोन करायचा नाही, हा दुसरा नियम. आमच्या एका फोननं कुणाच्या घरात काय वणवा पेटेल, सांगता येत नाही. पण या सासूपुढे मान वर न करणारी ती पोर गोळी गिळून टाकणार, असं मला पक्कं वाटत होतं. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा मुकाट्यानं दही घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकत्रच आल्या. चंद्राबाई पुढं, रूपाली मागं, डोळे सुजलेले. चंद्राबाईंनी दुसऱ्या दुकानातून आणलेलं पाकीट काउंटरवर आपटलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"न्हाय घ्येत म्हनली ही. मला आदी पाळी येऊ द्या म्हनली. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला न्हाय म्हनली. आन् मंग रडत रडत समदं सांगितलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी माज्या सुनंला गोळी देत व्हता, आन् काल मी हितं उबी ऱ्हायले तरी मला बोलला न्हाई?"

"नाही बोलले," मी म्हटलं. "आणि तुम्ही काल काय न्यायला आला होतात, ते मी तिलाही सांगितलं नाही."

त्या पंख्याखालच्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"खरंच मरंल का वो ही?" त्यांनी अगदी हळू विचारलं. हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"लगेच दिवस राहिले तर धोका आहे. डॉक्टरांनी उगाच नाही सांगितलं."

"मला बी ठावं हाय. दवाखान्यात हिची कापडं माज्याच हातात दिल्याली. पिळली तर रगात गळत व्हतं." त्या रूपालीकडे न बघता बोलत होत्या. "मला वाटलं, देवाच्या मनात आसलं तर व्हईल समदं नीट. म्हनून तर सोळा सोमवार धरले. नातू बी मागितला आन् हिचं बी मागितलं. हिला वाटतंय आत्याला नातवाचीच पडलीया."

रूपाली पुन्हा रडायला लागली. मी गोळीची सगळी हकिकत चंद्राबाईंना सांगितली. पाहुणा आणि अंथरूण, नव्यानं सुरुवात, पाळीचा पहिला दिवस, सगळं. त्यांनी मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारले. ही गोळी कायमची मूल बंद करते का, हा त्यातला मोठा. नाही, म्हटलं. बंद केली, की काही महिन्यांत दिवस राहू शकतात. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग त्या उठल्या. आणलेलं पाकीट कमरेच्या पिशवीत परत कोंबलं, आणि सुनेला म्हणाल्या, "चल. गावाकडं फोन लावून दे मला."

"कशाला, आत्या?"

"येऊ नगा म्हनून सांगायला. पाळी कशापायी ढकलायची? उद्यापनच ढकलू की! तुजी पाळी येऊन जाऊ दे, मंग बगू. देव काय पळून चाललाय व्हय?"

इतकी साधी गोष्ट ना माझ्या डोक्यात आली होती, ना रूपालीच्या. मला मोठ्यानं हसू आलं, आणि चंद्राबाईंनी "हसाय काय झालं?" असं मलाच दटावलं.

पण पाळी आलीच नाही. ठरलेला सोमवार आला आणि गेला. मंगळवार गेला, बुधवार गेला. रूपाली कारखान्यात जाताना दुकानासमोर थबकायची आणि नुसती मान हलवायची. मी तिला सांगत होते, की या द्रव्यानं काहीजणींची पाळी अशी लांबते, पूर्वी घेतलेल्या गोळीचाही परिणाम असू शकतो, घाबरू नकोस. सांगत होते ते खरं होतं, पण त्यानं माझंच समाधान होत नव्हतं. अजून दोन-चार दिवस बघायचे आणि मग तपासणी करायची, असं आम्ही ठरवलं. देवाधर्माच्या बाबतीत मी यथातथाच. पण त्या आठवड्यात सकाळी दुकान उघडताना, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या महादेवाच्या देवळाकडे बघून माझे हात आपोआप जोडले जायचे.

पुढच्या सोमवारी मी नुकतंच शटर वर केलं होतं. दुकानात दोन पुरुष गिऱ्हाइकं उभी. त्यातला एक बाटल्या मोजत होता, म्हणजे बाम घेऊन जाणाऱ्यांपैकीच. तेवढ्यात लांबून चपलांचा फटफट आवाज आला आणि चंद्राबाई जवळजवळ पळतच आत शिरल्या.

"आली, बाई, आली! पाळी आली रूपालीला!"

इतक्या वर्षांत माझ्या दुकानात हा शब्द कुणी असा उघड्या आवाजात उच्चारला नव्हता. दोन्ही पुरुष कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. नातवासाठी सोळा सोमवार धरणारी ती बाई सुनेची पाळी आली म्हणून काउंटरवर हात आपटत हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"आता ती गोळी द्या. आजच घ्यायची ना पयली?"

"आजच," मी म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. "अहो, पण आज सोमवार. म्हणजे तिचा वार पुन्हा तोच आला."

मला भीती वाटली, की आता सगळं परत मूळ पदावर जाणार.

"आजचा सोमवार न्हाईतरी देवाच्या हिशेबात धरायचा न्हाय, ती भाईर हाय. मंग गोळीच्या हिशेबात धरा की. उद्यापन म्होरल्या सोमवारी करू," त्या म्हणाल्या. "आन् दुसरा वार?"

"तीन महिने गुरुवारीपण घ्यायची."

"गुरुवारी माजा उपास आसतोय. बरं हाय, आटवण ऱ्हाईल."

"आणि पुढच्या सोमवारी? उद्यापनाच्या दिवशी? पोथी ऐकताना तिला पुन्हा तसं वाटलं तर?"

"वाटू दे की. मी सांगिन तिला. मी देवाला नातू मागितलाय. ह्याच साली दे, आसं कुटं म्हनलंय? तीन वर्सांनी दिला तरी माजा नवस फिटतोय. तवर त्याची आई तर जित्ती पायजे." मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "चुरम्याच्या परसादाआदी द्यायची का मागनं?"

"केव्हाही दिली तरी चालते."

"मंग परसादाबरूबरच देते. माज्या हातानं."

मी पाकीट काढलं आणि सवयीनं वर्तमानपत्राचा तुकडा ओढला. त्यांनी माझा हात धरला.

"कागूद कशाला गुंडाळताय? आसंच द्या. देवाम्होरं ठिवायची हाय."